पोटात ठेवलेली गोष्ट

(स्त्री-आरोग्यावरच्या जिल्हा शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'बाईचं शरीर आणि आरोग्य' असा विषय छापला आहे. या विषयावर मी गेली पंचवीसेक वर्षं बोलते आहे. तुमच्यातल्या काही जणींनी माझी तीच ती भाषणं चार-पाच वेळा ऐकली असतील. आज मी तक्ते आणलेले नाहीत. आज मी माझ्याच शरीराबद्दल बोलणार आहे आणि त्याबद्दल दीड वर्ष मी जे खोटं बोलले, त्याबद्दल बोलणार आहे.

२०१८ च्या फेब्रुवारीत मी वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा मी ४७ वर्षांची होते. उंची पाच फूट एक इंच, वजन ११२ किलो. चौदा वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन, रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून नाकाला लावायचं मशीन, आणि गुडघे असे की वस्तीतल्या मीटिंगला खाली बसले की उठवायला दोघी लागायच्या. डाएट, चालणं, काढे, उपास, सगळं करून झालं होतं. दहा किलो उतरायचे आणि बारा चढायचे.

या ऑपरेशनबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत, म्हणून आधी थोडी माहिती सांगते. यात चरबी काढत नाहीत. एका प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक नळी उरते. त्याला स्लीव्ह म्हणतात. माझं झालं ते बायपास. त्यात जठराच्या वरच्या टोकाला एक छोटी पिशवी वेगळी करतात. तिच्यात जेमतेम ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे मावतात. मग लहान आतड्याचा पुढचा भाग थेट त्या पिशवीला जोडतात. भूक आणि साखर यांच्याशी संबंध असलेली संप्रेरकं त्याने बदलतात. माझं इन्सुलिन तीन महिन्यांत बंद झालं. दीड वर्षात ३८ किलो वजन उतरलं. त्यातलं सात किलो पुढे परतही आलं, हेही सांगून ठेवते.

त्याची किंमतही असते. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं. चौथ्या महिन्यात माझे केस मुठी-मुठीने गळले. गोड खाल्लं की घाम फुटतो, छातीत धडधडतं, आडवं व्हावं लागतं. एका वेळी अर्धी पोळी आणि थोडी भाजी एवढंच जातं. पैसे साडेतीन लाख लागले. माझा भविष्यनिर्वाह निधी आणि भावाने दिलेले, असे मिळून ते भरले. विमा कंपनीने तेव्हा नकार दिला होता. २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने काढलेल्या सूचनांनुसार आता काही अटींवर हा खर्च विम्यात बसतो. बीएमआय निदान ४० हवा, किंवा निदान ३५ असून त्याबरोबर हृदयरोग, आटोक्यात न येणारा मधुमेह असं गंभीर दुखणं हवं.

माझ्या ऑपरेशनची गोष्ट नवऱ्याला, भावाला आणि बहिणीला ठाऊक होती. गटात मी सांगितलं, "पित्ताचे खडे झालेत, पित्ताशय काढायचंय."

का सांगितलं असं? एकदा बहीणच मला म्हणाली होती, "गुडघ्याचं ऑपरेशन असतं तर गावभर सांगितलं असतंस. लोक फळं घेऊन आले असते. मग यातच काय आहे?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देता येतं.

पहिलं कारण म्हणजे लाज. जाड बाईला जन्मभर एकच ऐकवलेलं असतं, की हिचा जिभेवर ताबा नाही, ही आळशी आहे. ऑपरेशन केलं म्हणजे त्या आरोपावर मी स्वतःच सही केली, असं मला वाटत होतं. लोक म्हणतील, कष्ट न करता सोपा मार्ग धरला.

दुसरं कारण ताटाचं. एकदा कळलं की माझ्या ताटात कोण काय बघेल, किती घास मोजेल, याची मला धास्ती होती. ती मी लहानपणापासून भोगली आहे.

तिसरं कारण मात्र तुमच्याशी, म्हणजे आपल्या चळवळीशी, संबंधित आहे. मी वर्षानुवर्षं मुलींना सांगत आले की लग्नाच्या बाजारासाठी स्वतःला बारीक करू नका, शरीर आहे तसं स्वीकारा. सूझी ऑर्बाक या बाईंनी १९७८ साली लठ्ठपणा हा स्त्रीवादी प्रश्न आहे अशी मांडणी करणारं पुस्तक लिहिलं, त्याचा गोषवारा मी अभ्यासवर्गात सांगितलेला आहे. आणि तीच मी सुरीखाली जाऊन पोट छोटं करून आले! मी नवऱ्याला तोंड देऊ शकत होते, सासरला देऊ शकत होते, पण आपल्या गटाला तोंड द्यायची मला हिंमत झाली नाही. मला हे आज मुद्दाम इथे सांगायचं आहे. बाई कुणाला घाबरते म्हणून गप्प बसते, याची यादी करताना आपण सासू, नवरा, समाज असं लिहितो. त्या यादीत आपलं स्वतःचं नावही असू शकतं.

या खोट्याने काय काय झालं, त्यातल्या तीन गोष्टी सांगते.

वजन उतरू लागलं तसं लोक विचारू लागले. "ताई, काय करता?" मी म्हणायचे, "चालते रोज. रात्री जेवत नाही." वस्तीतली एक बाई, चार घरची धुणीभांडी करणारी, मधुमेहाच्या गोळ्या घेणारी. तिने माझं ऐकलं. रात्रीचं जेवण सोडलं, मग सकाळचं कमी केलं, गोळ्या मात्र चालू ठेवल्या. एक दिवस कामावर असताना साखर उतरून ती मोरीत पडली. डोक्याला चार टाके पडले. मी दवाखान्यात भेटायला गेले, तर ती मला म्हणते, "तुमच्यावानी जमलं न्हाई मला ताई. माझ्यातच जिद्द न्हाई." मी तिचा हात धरून बसले आणि तेव्हाही बोलले नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मला कशाची शरम वाटत असेल तर त्या दहा मिनिटांची.

दुसरी गोष्ट २०१९ च्या आंबेडकर जयंतीची. ज्या वस्तीत मी पंधरा वर्षं जाते, तिथल्या एका घरी दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं होतं. मटण केलं होतं. मी जन्माने वरच्या जातीची. त्या घरात मी कितीतरी वेळा मांडी घालून पोटभर जेवलेली. या वेळी दोन घास घेतले आणि ताट सरकवलं. म्हटलं, "पोट बरं नाही." पुढे त्यांच्या नातीच्या बारशालाही तसंच झालं. काही दिवसांनी गटातल्या एका कार्यकर्तीकडून कळलं की वस्तीत बोलणं चाललंय, 'ताई आता आमच्यात जेवत न्हाईत'. ऐकलं आणि पायाखालची जमीन सरकली. आपल्या समाजात कोण कुणाच्या घरी जेवतं याला काय अर्थ असतो, हे मी का तुम्हाला सांगायला हवं? पंधरा वर्षांत जो विश्वास मिळाला होता तो माझ्या दोन घासांनी घालवत आणला होता. त्या लोकांचं काहीच चुकलं नव्हतं. खरं कारण मी दिलं नाही, तेव्हा त्यांनी त्यांच्या अनुभवातलं कारण लावलं.

तिसरी गोष्ट त्याच वर्षीच्या पुराची. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आम्ही सगळ्याजणी शाळांमधून उघडलेल्या छावण्यांत होतो. जेवणाला वेळ नाही, झोप नाही. माझ्या गोळ्यांचे डबे घरी लपवून ठेवलेले, ते तिथे नेले नव्हते. गुडघा सुजला. गटातल्या धाकट्या मैत्रिणीने दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं हातात ठेवली, "घ्या ताई, दोन-दोन घ्या." बायपास झालेल्या माणसाने आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या घ्यायच्या नसतात. जोडलेल्या जागी व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांनी मला हे लिहून दिलं होतं. पण 'नको' म्हटलं असतं तर 'का?' आलं असतं. मी सात दिवस गोळ्या घेतल्या. आठव्या दिवशी काळी संडास झाली आणि मी तांदळाच्या पोत्यांशेजारी चक्कर येऊन पडले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी काही ऑपरेशन? बरोबरच्या मैत्रिणीने सांगितलं, "पित्ताशयाचं." ती तिला माहीत होतं तेच सांगत होती. मी शुद्धीवर होते. तरी तिच्यासमोर मला तोंड उघडवेना. ती औषधं आणायला खाली गेली तेव्हा मी डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. मी बेशुद्ध असते तर? माझ्या खोट्याच्या आधारे माझ्या मैत्रिणीने माझ्यावर उपचार करवून घेतले असते आणि काही बरंवाईट झालं असतं तर तिने जन्मभर स्वतःला दोष दिला असता.

सप्टेंबरच्या बैठकीत मी गटाला सगळं सांगितलं. तुम्हाला वाटेल, सगळ्यांनी मला मिठी मारली. तसं झालं नाही. आमच्या सर्वांत जुन्या मैत्रिणीने विचारलं, "इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आणि आमच्यावर एवढाही विश्वास नाही?" एक विशीतली मुलगी म्हणाली, "मग तुम्ही आम्हाला शिकवलं ते काय होतं?" जिने गोळ्या दिल्या होत्या ती उठून बाहेर गेली. तिची समजूत घालायला मला दोन महिने लागले.

त्या मुलीला मी तेव्हा जे उत्तर दिलं, ते अजूनही मला पटतं. मी तिला म्हटलं, कुणाच्या नजरेसाठी शरीर कापू नका, हे मी शिकवलं आणि ते आजही बरोबर आहे. पण शरीर स्वीकारणं म्हणजे त्याचं दुखणं सोसत राहणं नव्हे. दमा स्वीकारा, पंप घेऊ नका, असं आपण म्हणतो का? प्रश्न एवढाच की निर्णय कुणाचा, कशासाठी आणि पूर्ण माहितीनिशी होता का. आणि माझ्या मनात 'बारीक दिसेन' हा आनंद अजिबात नव्हता, असंही मी म्हणणार नाही. होता. मी याच समाजात वाढले आहे.

मग त्या वस्तीतल्या घरी गेले. आजींना सगळं सांगितलं, आतडं कुठे जोडलंय ते जमिनीवर बोटाने काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढंच व्हतं व्हय? मग सांगायचं न्हाई का? आमी काय काय समजून बसलो." आणि वाटीत दोन चमचे रस्सा घालून दिला. डोक्याला टाके पडलेल्या बाईलाही सांगितलं. ती चिडली, आणि ते योग्यच होतं. तिला घेऊन मी सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञांकडे गेले. ते मी आधीच करायला हवं होतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. म्हणजे प्रत्येक बाईने हे जाहीर सांगावं, असं मी म्हणते का? नाही.

आपल्या चळवळीने दोन्ही गोष्टी शिकवल्या आहेत. ५ एप्रिल १९७१ ला फ्रान्समधल्या ३४३ बायकांनी 'आम्ही गर्भपात केला आहे' असं सह्यांनिशी छापून आणलं. तेव्हा तो तिथे गुन्हा होता. त्यांनी बोलून कायद्याला धक्का दिला. आणि आपल्याकडे मथुरा प्रकरणानंतर झालेल्या आंदोलनातून १९८३ साली कायदा बदलला, तेव्हा बलात्कारित स्त्रीचं नाव छापणं हा गुन्हा ठरला. आज ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं सांगितलं. म्हणजे बोलणंही आपला हक्क आणि न बोलणंही. कुणी कधी बोलावं ते त्या बाईने ठरवायचं.

हा हक्क गेला की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. २०१७ साली इजिप्तहून इमान अहमद नावाची बाई याच ऑपरेशनसाठी मुंबईत आली. तिला क्रेनने उतरवतानाची दृश्यं जगभर दाखवली गेली. तिचं वजन किती, किती उतरलं, यावर डॉक्टर आणि बहीण यांच्यातला वाद रोज छापून येत होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत ती वारली. तिच्या वजनाचे आकडे सगळ्यांना पाठ झाले, ती स्वतः काय म्हणत होती ते फारसं कुणाला आठवत नाही.

म्हणून मी स्वतःपुरता एक हिशेब केला आहे. सांगायचं की नाही, हा एक प्रश्न नाही, त्यात तीन प्रश्न आहेत.

एक, कुणाला सांगणं जिवासाठी गरजेचं आहे? प्रत्येक डॉक्टरला, दाताच्यासुद्धा. विमा काढताना, कारण लपवलं तर पुढे दावा नाकारतात. जिच्याबरोबर आपण प्रवास करतो, काम करतो, अशा निदान एका मैत्रिणीला. मी पर्समध्ये चिठ्ठी ठेवते, कुठलं ऑपरेशन, कधी, कुठल्या गोळ्या चालत नाहीत.

दोन, माझ्या गप्प राहण्याचा भार दुसऱ्या कुणावर पडतो का? माझा पडला. 'मला सांगायचं नाही' एवढं म्हणण्याचा मला पूर्ण हक्क होता. पण 'चालून उतरवलं' असं सांगण्याचा नव्हता. गप्प राहणं आणि खोटं सांगणं यात फरक आहे.

तीन, उरलेल्या सगळ्यांना सांगायचं का? ते पूर्णपणे आपल्या मर्जीवर. उद्या सांगेन म्हटलं तरी चालेल, कधीच नाही म्हटलं तरी चालेल.

हा हिशेब नेहमी सोपा सुटतो असं नाही. दोन वर्षांपूर्वी एक चोवीस वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. आईवडिलांनी तिचं बायपास करून घेतलं होतं आणि चार महिन्यांत लग्न ठरवलं होतं. आईने बजावलं होतं, "सासरी अवाक्षर काढायचं नाही." ती विचारत होती, नवऱ्याला सांगू का? मी तिला म्हटलं, बाकी काही असो, ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ द्यायचे नसतात, बाळाला आणि तुला दोघांनाही पोषण कमी पडतं. शिवाय बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातीलच असा भरवसा नसतो, म्हणून तांबी किंवा दुसरा उपाय डॉक्टरांशी बोलून ठरवावा लागतो. हे एकटीने लपून कसं करशील? तिने लग्नाआधी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "माझी हरकत नाही, पण आईला कळू देऊ नकोस." आता ती सासरी दोन घास खाते आणि 'नखरेल' म्हणवून घेते. मी दिलेला सल्ला बरोबर होता का? अर्धा होता, असं वाटतं. उरलेला अर्धा तिच्या एकटीने होण्यासारखा नाही. तो आपण सगळ्यांनी मिळून करायचा आहे. आणि 'करून घेतलं' या शब्दांवरही विचार करा. तिला कुणी विचारलंच नव्हतं. १९८६ साली नेट-एन इंजेक्शनच्या विरोधात स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा मुद्दा हाच होता, की बाईला पूर्ण माहिती दिली का आणि तिची संमती खरी होती का. तो प्रश्न जुना झालेला नाही.

हा प्रश्न पुढे वाढणार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायकांचं वजन प्रमाणाबाहेर आढळलं, आणि त्याच वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. एकाच बाईत दोन्ही असू शकतं. जिच्या अंगात आधीच रक्त नाही तिचं लोह शोषणं आणखी कमी करणारं हे ऑपरेशन आहे, हे तिला कुणीतरी आधी सांगितलं पाहिजे. २०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनंही आपल्या बाजारात आली आहेत. म्हणजे आता बारीक झालेल्या प्रत्येक बाईकडे 'हिने काय केलं असेल?' म्हणून बघितलं जाईल.

तेव्हा आपल्या गटांपुढे चार साध्या सूचना ठेवते आणि थांबते. भेटल्याबरोबर "किती बारीक झालीस!" किंवा "सुटलीस गं!" म्हणणं बंद करू या. आजारानेही माणूस बारीक होतं. जेवणाचा आग्रह एकदाच करू या, आणि 'नको' म्हटल्यावर कारण विचारू नये. दौऱ्यावर, छावणीत, प्रत्येकीच्या औषधांची आणि न चालणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी बंद पाकिटात ठेवू या, गरज पडली तरच उघडायची. आणि कुणी असं काही सांगितलं, तर 'आधी का नाही सांगितलंस' हा प्रश्न निदान पहिल्या दिवशी विचारू नये.

आज इथे येण्याआधी मी आमच्या गटातल्या त्या धाकट्या मैत्रिणीला विचारलं होतं, गोळ्यांची गोष्ट सांगू का? ती तिचीही गोष्ट आहे. ती म्हणाली, "सांगा, माझं नाव घेऊ नका." म्हणून घेतलं नाही.

जेवणाची सुट्टी झाली आहे. पंगतीत माझ्या शेजारी कुणी बसलंत तर माझ्या ताटातली जिलेबी घेऊन टाका. कारण आता तुम्हाला माहीत आहे.

जिंदाबाद!